राव सराले मराठी येत नाही

हसायचं असेल तं आत्ताच हसून घ्या, मधात हसू नका. मधात हसले की मी विसरते, अन् हे विसरण्यासारखं नाही. माझा पोपट झाला ना, तो घरात नाही, गल्लीत नाही, भर दुकानात झाला. अन् एका माणसानं समोर बसून, घड्याळ पाहून, तो कागदावर लिहून घेतला. आता बोला.

मी सुनंदा भोयर, हे तं तुमाले माहीतच आहे. भिलाईतल्या एका साड्यांच्या दुकानात बावीस वर्षं काउंटरवर उभी राहिली. उभी, बरं का. दुकानात बसायची गादी गिऱ्हाईकासाठी असते, आमच्यासाठी नाही. बावीस वर्षांनी गुडघ्यांनी हात टेकले. डॉक्टर म्हणाला, "भाभीजी, अब खड़े रहना बंद." मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, बसून साड्या दाखवल्या तं लोकाले वाटेन दुकान बंद होऊन राहिलं.

शेठ भला माणूस. त्यानं एकदम काढलं नाही. त्यानंच कुठून तरी माहिती आणली. आजकाल दुकानात काम शिकणाऱ्या पोरापोरींची परीक्षा दुकानातच घेतात. एक माणूस बाजूला बसते, पोरगी गिऱ्हाईक कसं सांभाळते ते पाहते, कागदावर खुणा करते, अन् शेवटी सांगते की हिले काम जमते का अजून नाही जमत. त्याले असेसर म्हणतात. बसून करायचं काम. शेठ म्हणाला, "भोयर मैडम, आपसे अच्छा कौन देखेगा? नाम रजिस्टर करवा लो. दिवाली तक हो जाए तो बढ़िया."

दिवाळीनंतर काय, ते तो बोलला नाही. मी पण विचारलं नाही. पण मले समजलं. नोंदणी झाली तं काम राहीन, नाही झाली तं मी घरी. अन् घरी बसून मी का करू? मले गिऱ्हाईकाशिवाय करमत नाही. रविवारी भाजीवाला आला तं मीच त्याची भाजी शेजारणीले खपवून देते.

तं मी रायपूरले जाऊन पाच दिवसांची ट्रेनिंग केली. तिथल्या सरांचं एकच म्हणणं. असेसरनं पाहायचं, ऐकायचं, लिहायचं. शिकवायचं नाही. सुचवायचं नाही. उमेदवार चुकली तरी भुवई पण हलवायची नाही. "ज़ुबान घर पे छोड़ के आना," असं ते रोज सकाळी म्हणत.

घरी येऊन मी आमच्या ह्याईले सांगितलं. हे पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनमध्ये नोकरीले, दिवसभर भट्टीच्या आवाजात राहून कमी बोलतात. त्यांनी वरणाची वाटी खाली ठेवली अन् म्हणाले, "मंग तू फेल."

"कावून?"

"तुले झोपेत पण गप्प राहता येत नाही. परवा रात्री 'मॅचिंग ब्लाऊज देऊ का' म्हणून राहिली होती."

आता मूळ गोष्टीवर येते. नोंदणीच्या आधी एक शेवटची पायरी असते. एक खरी परीक्षा तुम्ही घ्यायची, अन् एक जुना असेसर येऊन तुम्ही ती कशी घेता ते पाहणार. म्हणजे पोट्टीची परीक्षा मी घेणार अन् माझी परीक्षा तो घेणार. पोट्टी आपल्या ओळखीची नको, दुकान आपलं नको, असा नियम. मले मिळालं जामुलच्या रस्त्यावरचं एक नवं मोठं दुकान, भांड्यांचा विभाग. पोट्टीचं नाव प्रणाली बोरकर, कुरुदहून येते. माझी परीक्षा घेणारे राव सर.

नावं वाचली अन् माझ्या डोक्यात लगेच हिशेब बसला. तोच तं घात झाला.

कसं आहे, भिलाईत कोणाच्या भिंतीले कोणाची भिंत लागेन, त्याचा नेम नाही. आमच्या क्वार्टरच्या एका बाजूले तेलुगू, दुसऱ्या बाजूले बिहारी, वरच्या मजल्यावर बंगाली. बाहेर निघालं की सगळ्याईची हिंदी. मराठी आपली घरातली. अन् घरातली भाषा बाहेर कायच्या कामाची? तं दुसऱ्याले समजू नये ते बोलायच्या कामाची. तुम्ही नाही करत का असं? रिक्षावाल्यासमोर, डॉक्टरसमोर, मुलगी पाहायले आलेल्या पाहुण्यासमोर? मी तं दुकानात शेठच्या नाकासमोर माझ्या बहिणीले सांगत होती, "ही नको घेऊ, पहिल्या धुण्यात रंग जाते." बावीस वर्षांत मले कोणी पकडलं नाही.

म्हणून माझा हिशेब असा. राव म्हणजे तेलुगू, त्याले मराठी समजत नाही. बोरकर म्हणजे आपली, तिले समजते. ज़ुबान घरी सोडा म्हणाले ना? हिंदीची सोडते. मराठीची सोबत नेते.

मले काही पाप करायचं नव्हतं, खरंच सांगते. पण पोट्टी पाहिली अन् राहवलं नाही. बारीकशी, नवी ओढणी, तिची पिन सारखी काढून परत लावून राहिलेली. तिले म्हटलं, "घबराना नहीं बेटा." राव सर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. पोट सुटलेलं, मिशा काळ्याकुट्ट, डोळे अर्धे मिटलेले. ते म्हणाले, "मैडम, समझिए मैं यहाँ हूँ ही नहीं." मी तसंच समजली.

पहिलं गिऱ्हाईक आलं, जामुलची एक बाई. तिले कुकर पाहिजे होता.

मी कागदात डोकं घातलं अन् ओठ न हलवता, हळूच म्हटलं, "पाच लिटरचा दाखव वो पोरी. पाच लिटरचा."

पोट्टीनं माझ्याकडे पाहिलं, गोड हसली, मान हलवली. मले वाटलं, समजली. अन् वळून ती बाईले विचारते, "आंटी, कितने लोगों का खाना बनेगा?"

"एके झन बर, नोनी," बाई छत्तीसगढीत म्हणाली. एकाच माणसासाठी. तिच्या मुलीले रायपूरले नवी नोकरी लागली होती, ती एकटीच खोली घेऊन राहणार होती.

पोट्टीनं दोन लिटरचा काढला. दोन! बावीस वर्षांत मी कधी लहान वस्तू पहिले दाखवली नाही. मी परत कागदात तोंड घातलं. "अवं, उद्या लग्न होईन तिचं, मोठा दे. मोठा."

परत गोड हसली. परत मान हलवली. अन् दोन लिटरचाच उघडून दाखवू लागली.

मले वाटलं घाबरली बिचारी, ऐकू येऊन राहिलं पण सुचत नाही. म्हणून मी आवाज थोडा वाढवला. तेवढ्यात तिची नजर राव सरांकडे गेली. त्यांचा पेन भराभर चालून राहिला होता. मी लगेच धीर दिला. "त्याच्याकडे नको पाहू. त्याले कायचं समजते? मिशीले बूटपॉलिश लावून आला अन् झोपून राहिला. तू आपलं काम कर."

राव सरांना जोरात ठसका लागला. मी धावत पाणी दिलं. "सर, ठीक हैं ना?" ते डोळे पुसत म्हणाले, "जी, जी. आप चालू रखिए." किती सज्जन माणूस, मी मनात म्हटलं.

मंग झाकणाची पाळी. पोट्टीनं झाकण आडवं धरलं, तिरपं आत घातलं. माझा जीव वर-खाली. "उलटं लावून राहिली तू. वरून लाव, वरून. पडेन ते!" आमच्या घरी वरून बसायच्या झाकणाचा कुकर आहे हो, वीस वर्षांपासून. हा आतल्या झाकणाचा. पोट्टीनं फिरवलं, खटकन बसलं. बाई खूश.

पण घेईन ते गिऱ्हाईक कसलं? बाई म्हणाली, "सोच के आहूँ." विचार करून येते. आता तुम्हीच सांगा, विचार करून येते म्हणणारं गिऱ्हाईक कधी आलं आहे का? मी तं खुर्चीतून अर्धी उठली. "सोडू नको तिले. म्हण, शेवटचा पीस आहे. म्हण, उद्यापासून भाव वाढते. म्हण काहीतरी, पोरी, म्हण!"

पोट्टी माझ्याकडे पाहून हसली, हात जोडले, अन् बाईले म्हणाली, "कोई बात नहीं आंटी. इस्तेमाल तो दीदी को करना है, उन्हीं से पूछ लीजिए. मैं फोन पे दिखा देती हूँ."

मी कपाळाले हात लावला. गेलं गिऱ्हाईक. पण बाईनं फोन लावला, मुलीनं तिकडून कुकर पाहिला, झाकण परत लावून दाखवायले सांगितलं, अन् म्हणाली, "मम्मी, यही वाला." झालं. कुकर गेला. पोट्टीनं गॅरंटी कार्डावर शिक्का मारला, ते कुठं जपून ठेवायचं ते सांगितलं, दुकानाच्या दारापर्यंत सोडायले गेली. मी सगळ्या रकान्यांत खुणा केल्या. जमते, जमते, जमते. पोट्टी परत आली अन् सरळ माझ्या पाया पडली.

मले तं भरून आलं. मी तिले डोळा पण मारला, की पाहा, कसं सांभाळलं आपण दोघींनी.

मंग मॅनेजरच्या केबिनमध्ये मी अन् राव सर. पोट्टीले बाहेर बसवलं. सरांनी चष्मा पुसला, कागद समोर धरला अन् वाचू लागले.

मराठीत.

"अकरा वाजून सात मिनिटं. असेसर उमेदवाराले म्हणाल्या, 'पाच लिटरचा दाखव वो पोरी.' अकरा वाजून नऊ. 'उद्या लग्न होईन तिचं, मोठा दे.' अकरा वाजून बारा." इथं ते थांबले. चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "काळी मेंदी आहे, मॅडम. बूटपॉलिश नाही. तेवढं दुरुस्त करून घेऊ का?"

धरणीमाय पोटात घे म्हणतात ना, ते मले त्या दिवशी समजलं. पण केबिनची फरशी टाइल्सची, ती कायले फाटते. तोंडातून शब्द फुटेना. आमच्या ह्याईनी पाहिलं असतं तं पेढे वाटले असते.

शेवटी मी म्हटलं, "सर, तुमाले मराठी..."

"बायको भंडाऱ्याकडची," ते म्हणाले. "लग्नाले तीस वर्षं झाली. पहिल्यांदा सासरी गेलो तं लाजेनं बोललो नाही. त्याईले वाटलं याले समजत नाही. मंग माझ्यासमोर बसून ते काय काय बोलू लागले, का सांगू तुमाले. इतकं कामाचं ऐकू येत होतं की मी म्हटलं, असंच राहू द्या. बायकोले माहीत आहे. सासूले अजून नाही. तुम्ही पण कोणाले सांगू नका."

मी मान हलवली. हसावं का रडावं समजेना. अन् मंग एकदम लक्षात आलं, की माझं जे व्हायचं ते होईन, त्या पोट्टीचं का? परीक्षेत कोणी उत्तरं सुचवली तं परीक्षा रद्द. नियम तसाच आहे. ती कुरुदहून तीन महिने रोज येऊन शिकली, अन् माझ्या तोंडापायी तिचा कागद फाटणार.

तिथं मात्र माझे डोळे भरले, खोटं नाही सांगत. मी हात जोडले. म्हटलं, "सर, माझं नाव कापा. कायमचं कापा. मी घरी बसते. पण तिची परीक्षा रद्द नका करू. तिनं एकही गोष्ट माझी ऐकली नाही, तुम्ही पाहिलं ना? मी मोठा म्हटलं, तिनं लहान दिला. मी खोटं बोल म्हटलं, तिनं फोन लावून दिला. चूक एकटीची माझी आहे."

राव सर उठले. मंग त्यांनी दार उघडून पोट्टीले आत बोलावलं.

"बेटा, काम करते समय मैडम ने आपको कुछ बताया था?"

"नहीं सर."

"कुछ बोल तो रही थीं."

पोट्टीनं माझ्याकडे पाहिलं. किती मायेनं पाहिलं, तुमाले का सांगू. "सर, मैम तो पूरा टाइम मेरे लिए प्रार्थना कर रही थीं. धीरे-धीरे मंत्र बोल रही थीं. बीच में बहुत ज़ोर से भी बोलीं. मेरे लिए आज तक किसी ने इतना नहीं किया."

राव सरांनी विचारलं, "आपको मराठी आती है?"

"नहीं सर. दादाजी बोलते थे. हमारे घर में अब कोई नहीं बोलता."

घ्या. अख्ख्या दुकानात मराठी समजणारा माणूस एकच होता, अन् तो स्टुलावर बसून लिहून राहिला होता. जिच्यासाठी मी जीव काढला, तिच्यासाठी माझं बोलणं म्हणजे सत्यनारायणाची पोथी. "शेवटचा पीस आहे म्हण," हा मंत्र ऐकून ती हात जोडत होती हो माझ्यासमोर!

राव सर इतके हसले की चष्मा टेबलावर पडला. पोट्टी पण हसू लागली, कशाले ते तिले माहीत नव्हतं. मी पण हसली. काय करणार?

हसून झाल्यावर त्यांनी पोट्टीच्या कागदावर सही केली. तिचं काम तिनं एकटीनं केलं, कोणाचं काही ऐकलं नाही, तं रद्द कायले करायचं? ती पास. माझ्या कागदावर मात्र लिहिलं, 'अजून जमत नाही.' अन् खाली लिहिलं, 'महिनाभरानं परत संधी द्यावी.'

मी म्हटलं, "सर, मले कावून संधी? माझं तं सगळं लिहिलेलं आहे."

ते म्हणाले, "मॅडम, तोंड बंद ठेवणं शिकवता येते. पण मुलीचं नुकसान नको, आपलं झालं तं चालते, हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. ते तुमाले येते. बाकीचं शिकून घ्या." अन् मंग पुढचा अर्धा तास त्यांनी मले समजावलं. मी सुचवून राहिली होती त्यातली एकेक गोष्ट घेऊन. गिऱ्हाईकाले मोठं खपवणं म्हणजे विकणं नाही, त्याले पाहिजे ते देणं म्हणजे विकणं. माझ्यापेक्षा अठ्ठावीस वर्षांनी लहान पोट्टीनं ते मले करून दाखवलं होतं, अन् मी मधात मंत्र म्हणून राहिली होती. असा माणूस भेटाले नशीब लागते. दुसरा असता तं कागद फाडून मले घरी पाठवलं असतं अन् चार ठिकाणी किस्सा सांगितला असता. यानं चहा पाजला.

महिन्यानं उतई गावात दुसरी परीक्षा झाली, चपलांच्या दुकानात. राव सरच आले. मी काय केलं माहीत आहे? उमेदवार सुरू झाली की तोंडात बाटलीतल्या पाण्याचा घोट भरला अन् धरून ठेवला. एका गिऱ्हाईकानं मलेच विचारलं, "दीदी, आठ नंबर है क्या?" मी नुसतं गाल फुगवून उमेदवाराकडे बोट दाखवलं. तो बिचारा घाबरून चार पावलं मागं सरला. पण मी बोलली नाही. पाऊण तास. घरी येऊन मी आमच्या ह्याईले हे सांगितलं तं त्यांनी ती बाटली जपून ठेवायले सांगितली.

पास झाली. दिवाळीच्या आठ दिवस आधी कार्ड आलं, फोटोवालं, नोंदणी नंबरवालं. शेठनं पूर्ण दुकानाले मिठाई वाटली. प्रणालीनं फोन केला, तिले त्याच दुकानात पक्की नोकरी लागली होती. म्हणाली, "मैम, आपकी प्रार्थना लगी." मी अजून तिले खरं सांगितलं नाही. सांगाले पाहिजे का? मले तं सांगवत नाही.

कार्ड देवाजवळ ठेवलं, हळदकुंकू लावलं, हात जोडले. पहिले राव सरांसाठी, मंग त्या पोट्टीसाठी, मंग शेठसाठी. गुडघ्यांसाठी शेवटी. अन् मंग कार्ड नीट वाचलं. खाली एक ओळ होती, परीक्षा कोणत्या भाषेत घेऊ शकते त्याची. मी फॉर्मात तीन लिहिल्या होत्या. पहिली मराठी, मंग हिंदी, मंग छत्तीसगढी. कार्डावर दोनच. हिंदी अन् छत्तीसगढी.

मी लगेच राव सरांना फोन लावला. "सर, माझी मराठी सुटली."

"सुटली नाही, मॅडम. मीच काढायले सांगितली. हिंदीत तुम्ही असेसर आहात. मराठीत तुम्ही उमेदवाराची मावशी आहात."

आता हे मी ऐकून घेईन का? मायबोली आहे माझी! त्यांच्या बायकोसारखीच भंडाऱ्याच्या मातीतली बाई मी, अन् सरकारी कार्डावर मराठी सोडून बाकी सगळ्या भाषेत भरवशाची? मी सुरू झाली. श्वास न घेता पाच मिनिटं, जे तोंडाले आलं ते सगळं, ठेवणीतल्या मराठीत सुनावलं. पाऊण तास पाण्याच्या घोटात दाबून ठेवलेलं सगळं त्या दिवशी बाहेर पडलं.

तिकडून राव सरांनी पूर्ण ऐकून घेतलं. मंग शांतपणे म्हणाले, "सॉरी मैडम, मुझे मराठी नहीं आती," अन् फोन ठेवला.